चार विजेते, तरी दुसरा नंबर

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात कॉलेज कुस्तीची राष्ट्रीय स्पर्धा संपली, तेव्हा दहा वजनगटांपैकी चार गटांचे विजेते एकाच विद्यापीठाचे होते. ते विद्यापीठ पेन स्टेट. आयोवा विद्यापीठाचा विजेता एकच, सर्वांत हलक्या गटातला स्पेन्सर ली. सांघिक अजिंक्यपद मात्र आयोवाने नेले, आणि तेही थोडक्यात नव्हे: आयोवा १२९, पेन स्टेट ११३.५.

आपल्याकडच्या शौकिनाला हा हिशेब पटकन पटणार नाही. महाराष्ट्र केसरीची गदा एकाच मल्लाच्या खांद्यावर जाते. त्याच्या वस्तादाचा मान वाढतो, तालमीत पेढे वाटले जातात, पण वर्षअखेरीस कुठल्या तालमीचे किती गुण झाले याची बेरीज कोणी मांडत बसत नाही. अमेरिकन कॉलेजांत नेमकी ती बेरीजच मोठी. मल्ल एकटाच मॅटवर उतरतो, हरतो एकटाच, आणि तरीही त्याच्या प्रत्येक गुणाची नोंद विद्यापीठाच्या खात्यावर होत असते. या बेरजेचे नियम समजले की तिथली संघबांधणी, क्रमवारी आणि ‘यंदा कोण जिंकणार’ या कधीच न संपणाऱ्या वादाचा अर्थ लागतो.

आधी कुस्तीबद्दल थोडे. ऑलिंपिकमध्ये दिसते ती फ्रीस्टाइल किंवा ग्रीको-रोमन. अमेरिकन कॉलेजांत पुरुषांची कुस्ती चालते ती ‘फोकस्टाइल’ नावाच्या तिसऱ्याच प्रकाराने. सात मिनिटांची लढत, पहिला टप्पा तीन मिनिटांचा, पुढचे दोन-दोन मिनिटांचे. पट काढून प्रतिस्पर्ध्याला खाली आणले आणि कब्जा मिळवला की ३ गुण. २०२३-२४ च्या हंगामाआधी हे गुण २ होते. फ्रीस्टाइलमध्ये एखादी देखणी उचल गुणांची लयलूट करते. इथे उचलीच्या देखणेपणाला वेगळी किंमत नाही, किंमत आहे ती कब्ज्याला. खालचा मल्ल निसटून उभा राहिला तर त्याला १ गुण, खालून वर येऊन त्यानेच कब्जा घेतला तर २. वरच्या मल्लाने एकूण हिशेबात प्रतिस्पर्ध्यापेक्षा मिनिटभर जास्त वेळ कब्जा टिकवला तर शेवटी आणखी १. मातीत खालच्या पैलवानाच्या मानेवर गुडघा टेकवून घिस्सा लावण्याची वाट बघणारा मल्ल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना फोकस्टाइल फ्रीस्टाइलपेक्षा जवळची वाटेल. दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली, हे तर दोन्हीकडे सारखेच.

वजनगट दहा आहेत: १२५, १३३, १४१, १४९, १५७, १६५, १७४, १८४, १९७ आणि २८५ पौंड. म्हणजे साधारण ५७ किलोपासून १२९ किलोपर्यंत. प्रत्येक विद्यापीठाला राष्ट्रीय स्पर्धेत एका गटात एकच मल्ल उतरवता येतो, आणि सगळी मेख इथे आहे. देशातले पहिल्या दहातले दोन मल्ल एकाच गटात, एकाच विद्यापीठात असतील तर त्यातला एक मार्चमध्ये प्रेक्षकांत बसणार. त्याने काय करावे? वजन उतरवून खालच्या गटात जावे, वाढवून वरच्या गटात जावे, एक वर्ष थांबावे, की सरळ विद्यापीठ बदलावे? दर उन्हाळ्यात संघांच्या दहाच्या फळीवर जी चर्चा झडते, ती बहुतेक याच प्रश्नाभोवती.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दोन-दोन संघांच्या लढती होतात. त्यांना तिकडे ‘ड्युअल’ म्हणतात. दहा गट, दहा कुस्त्या. साधा गुणांवरचा विजय संघाला ३ गुण देतो. फरक आठ किंवा जास्त असेल तर ४, पंधराचा झाला तर कुस्ती तिथेच थांबते आणि ५ गुण मिळतात, चितपट केली तर ६. यातून एक मजेदार कला जन्माला आली आहे: व्यवस्थित हरण्याची. समोर राष्ट्रीय विजेता उभा असेल तर प्रशिक्षक आपल्या मल्लाला जिंक म्हणून सांगत नाही. तो सांगतो, सातच्या फरकाने हर, आठच्या नको, आणि काही झाले तरी पाठ टेकू नको. त्या पोराने शेवटची दोन मिनिटे दात-ओठ खाऊन तग धरला तर फळ्यावर त्याच्या नावापुढे पराभव लिहिला जातो, पण संघाने ६ ऐवजी ३ च गुण गमावलेले असतात. अटीतटीच्या लढतीत असा पराभूत मल्ल परत येतो तेव्हा त्याचे सहकारी उठून टाळ्या वाजवतात, आणि नवख्या प्रेक्षकाला कळत नाही की हरलेल्याचे एवढे कौतुक कशाला.

या लढतींना गर्दी किती होते? नोव्हेंबर २०१५ मध्ये आयोवाने आपल्या फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये, उघड्यावर, ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध कुस्त्या भरवल्या तेव्हा ४२,२८७ लोक आले होते. आयोवा १८-१६ असे जिंकले. आपल्या मोठ्या यात्रांच्या फडालाही शोभेल अशी ती गर्दी. पण पुढे मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ओक्लाहोमा स्टेट दुसरे आले आणि आयोवा पाचवे. समोरासमोर जिंकणारा संघ स्पर्धेत तीन पायऱ्या खाली. यात नशिबाचा भाग असेलही, पण मुख्य कारण गणिताचे आहे.

राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक गटात ३३ मल्ल, एकूण ३३०, आणि तीन दिवस. पहिले आठ ते ‘ऑल-अमेरिकन’, आणि हा किताब त्या मल्लाच्या नावामागे जन्मभर चिकटतो. पहिल्या क्रमांकाला संघासाठी १६ गुण, मग उतरत्या क्रमाने १२, १०, ९, ७, ६, ४ आणि ३. शिवाय मुख्य बाजूला पुढची फेरी गाठली की १ गुण, एकदा हरलेल्यांच्या बाजूला पुढे सरकले की अर्धा. मोठ्या फरकाने जिंकले तर वर १, पंधराच्या फरकाला दीड, चितपटीला २. म्हणजे प्रत्येक कुस्ती जेमतेम जिंकणारा विजेता विद्यापीठाला २० गुण मिळवून देतो, आणि पाचही प्रतिस्पर्ध्यांना चितपट करणारा ३०. दोघांच्या गळ्यातले पदक एकच, संघाला मात्र दहा गुणांचा फरक. सहाव्या क्रमांकाचा मल्ल आपल्या जागेचे जेवढे कमावतो त्याहून ही रक्कम मोठी आहे.

आता ड्युअलशी तुलना करा. तिथे देशातला विसावा मल्ल पंचविसाव्याला हरवतो आणि ३ गुण आणतो, तेवढेच ३ जे पहिला मल्ल दुसऱ्याला थोडक्यात हरवून आणतो. विसाव्या दर्जाचे दहा मल्ल असलेला संघ ड्युअलमध्ये भल्याभल्यांना घाम फोडेल. मार्चमध्ये त्याच दहांतले बहुतेक दुसऱ्या दिवशीच सामान बांधतील आणि संघाच्या खात्यावर किरकोळ गुण पडतील. म्हणूनच तिकडे संघांच्या क्रमवाऱ्या दोन प्रकारच्या असतात, एक ड्युअलची आणि एक स्पर्धेची, आणि एकच संघ एका यादीत चौथा तर दुसरीत बारावा असू शकतो. कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या विभागातल्या पुरुष कुस्तीत ड्युअलचे अधिकृत राष्ट्रीय अजिंक्यपद नाहीच. संघ म्हणून जे काही जिंकायचे ते मार्चच्या त्या तीन दिवसांत.

एका कुस्तीचे वजन किती असू शकते ते २०१८ मध्ये क्लीव्हलंडला दिसले. पेन स्टेट आणि ओहायो स्टेट शेवटच्या रात्री हातघाईवर आलेले. १८४ पौंडांच्या अंतिम कुस्तीत पेन स्टेटचा बो निकल आणि ओहायो स्टेटचा मायल्स मार्टिन समोरासमोर. दोनच वर्षांपूर्वी वेगळ्या गटाच्या अंतिम फेरीत मार्टिनने निकलला हरवले होते. या वेळी मार्टिनने चाल केली, निकलने ती उलटवली आणि पहिल्याच टप्प्यात त्याला चितपट केले. अंतिम तक्ता पेन स्टेट १४१.५, ओहायो स्टेट १३३.५. आठ गुणांचे अंतर सुरक्षित वाटते, पण बाकीचे सगळे निकाल तसेच ठेवून ही एकच कुस्ती उलटी फिरवून पाहा. निकल दुसरा आला असता तर पेन स्टेटचे जागेचे ४ आणि चितपटीचे २ गुण गेले असते, उरले असते १३५.५. मार्टिनने साधी गुणांवर कुस्ती मारली असती तरी ओहायो स्टेटला ४ गुण वाढून १३७.५ झाले असते. तीन दिवस, शेकडो कुस्त्या, आणि चषक फिरला असता एका चालीवर.

हे पाहून कोणी म्हणेल, विजेते गोळा करा, बाकीचे आपोआप होईल. तर मग २०२१ चे काय? पेन स्टेटच्या चार विजेत्यांनी मिळून किमान ८० गुण आणले असणार. म्हणजे उरलेल्या सहा गटांतून संघाला फार तर ३३.५. आयोवाची फळी अशी कुठेच खचली नव्हती. दोन मल्ल अंतिम फेरीत हरले, काही मधल्या क्रमांकांवर राहिले, पण जवळजवळ प्रत्येक गटातून काही ना काही येत राहिले. याच तर्काचे टोक गाठले ते मिनेसोटाने, २००१ साली. दहाच्या दहा मल्ल पहिल्या आठात, विजेता एकही नाही, आणि तरीही राष्ट्रीय अजिंक्यपद! मला स्वतःला कॉलेज कुस्तीच्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एकाच्याही गळ्यात सुवर्णपदक नसताना दहाजणांनी चषक उचलला.

पण एक सावधगिरी. मिनेसोटासारखे उदाहरण लक्षात राहते कारण ते विरळा आहे. एरवी शिखरावरचे दोन-तीन मल्ल आणि खाली भक्कम फळी, दोन्ही हवे. २०२४ मध्ये पेन स्टेटने चार विजेत्यांसह १७२.५ गुण केले आणि १९९७ चा आयोवाचा १७० गुणांचा विक्रम मोडला. दुसऱ्या आलेल्या कॉर्नेलचे गुण होते ७२.५, बरोबर शंभराचे अंतर. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात पेन स्टेटचे विजेते दोनच, मिचेल मेसेनब्रिंक आणि कार्टर स्टारोची. गंमत म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या नेब्रास्काचेही विजेते दोन, तिसऱ्या ओक्लाहोमा स्टेटचेही दोन. गुण मात्र १७७, ११७ आणि १०२.५. नवा विक्रम, आदल्या वर्षीपेक्षा निम्म्या विजेत्यांच्या बळावर, कारण पेन स्टेटचे दहाही मल्ल पहिल्या आठात आले होते आणि वाटेत त्यांनी मोठ्या फरकाच्या विजयांचा सपाटा लावला होता. स्टारोचीचे ते पाचवे राष्ट्रीय विजेतेपद. पाच वेळा जिंकणारा तो पहिलाच मल्ल, आणि ते शक्य झाले कारण कोविडच्या वर्षाबद्दल खेळाडूंना एक जादा हंगाम मिळाला होता.

ती १७७ ची फळी कशी उभी राहिली हे पाहण्यासारखे आहे. २०२४ मध्ये लेव्हाय हेन्स १५७ पौंडांत जिंकला होता, स्टारोची १७४ मध्ये. पुढच्या हंगामात ल्यूक लिलेडाल हा नवा मुलगा १२५ मध्ये आला, म्हणून आधी तिथे खेळणारा ब्रेडन डेव्हिस १३३ मध्ये सरकला. टायलर कॅसाक १४९ वरून १५७ मध्ये गेला. हेन्सला १६५ मध्ये जाता येईना, कारण तिथे मेसेनब्रिंक बसलेला. मग हेन्स दोन पायऱ्या चढून थेट १७४ मध्ये, आणि तिथे चार वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला स्टारोची १८४ मध्ये. राष्ट्रीय विजेत्यांना त्यांच्या हक्काच्या गटातून उठवून वर सरकवायचे, तेही त्यांची धार कमी न होऊ देता, हे फक्त कागदावरचे काम नाही. वाढत्या वयाच्या पोराचे शरीर कुठल्या वजनात नीट बसते हे ओळखावे लागते, आणि त्याची समजूत घालावी लागते.

पूर्वी ही समजूत बहुतेक उलट्या दिशेने घातली जायची: वजन उतरव, खालच्या गटात जा, तिथे तू मोठा ठरशील. त्याची किंमत १९९७ च्या अखेरीस कळली. नोव्हेंबर-डिसेंबरच्या काही आठवड्यांत तीन वेगवेगळ्या कॉलेजांचे तीन तरुण मल्ल वजन घटवताना मेले. अंगात घाम काढणारे रबरी कपडे, कोंडलेली गरम खोली, पाण्याचा थेंब नाही, आणि वर व्यायाम. त्यानंतर नियम बदलले. घाम गाळण्याच्या त्या साधनांवर बंदी आली, सगळे गट वर सरकवले गेले (सर्वांत हलका गट ११८ वरून १२५ वर आला), आणि वजन आदल्या दिवशी करण्याऐवजी लढतीच्या अगदी आधी होऊ लागले, म्हणजे शरीर सुकवून पुन्हा पाणी भरायला वेळच राहू नये. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या शरीरातली चरबी मोजतात, लघवी तपासून शरीरात पुरेसे पाणी आहे की नाही पाहतात, आणि त्यावरून त्याला सर्वांत खालचा कोणता गट घेता येईल ते ठरते. पॅरिसला १०० ग्रॅमपायी विनेश फोगाटचे पदक गेले तेव्हा आपल्याकडे वजनाच्या नियमांवर भरपूर बोलले गेले. त्या चर्चेत अमेरिकन कॉलेजांचा हा अनुभव यायला हवा होता.

आता क्रमवारीकडे. ती तीन-चार ठिकाणांहून येते. कुस्तीला वाहिलेली नियतकालिके आणि संकेतस्थळे आपापल्या याद्या काढतात, आणि त्यांच्यावरून वाद घालणे हा आयोवा आणि पेनसिल्व्हानियातल्या लोकांचा हिवाळी उद्योग आहे. अधिकृत व्यवहारात मात्र तीन गोष्टी मोजल्या जातात: प्रशिक्षकांनी मतदानाने लावलेली क्रमवारी, प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचा हिशेब धरणारा निर्देशांक, आणि विजयांची टक्केवारी. पहिल्या दोन्हींत पहिल्या तिसात असणे आणि सत्तर टक्के कुस्त्या जिंकणे, या तीनपैकी दोन कसोट्या मल्लाने पार केल्या की त्याच्या परिषदेला त्या गटातली एक राखीव जागा मिळते. परिषद म्हणजे विद्यापीठांचा प्रादेशिक संघ. कुस्तीत सर्वांत तगडी ‘बिग टेन’. लक्षात घ्या, जागा परिषदेला मिळते, मल्लाला नाही. ज्याच्या हंगामभराच्या कामगिरीवर ती जागा मिळाली तोच मार्चच्या सुरुवातीच्या परिषद स्पर्धेत घसरला, तर ती दुसरा कोणी घेऊन जातो. मग पहिल्याला निवड समितीच्या दारात उरलेल्या मोजक्या जागांसाठी थांबावे लागते. कठोर आहे, पण यामुळे परिषदेची स्पर्धा नुसती औपचारिकता राहत नाही.

स्पर्धेचे भाकीत करणारे लोक मग साधा हिशेब मांडतात. प्रत्येक मल्लाला त्याच्या मानांकनाप्रमाणे जागा मिळेल असे धरायचे, गुण मांडायचे, बेरीज करायची. बेरीज सोपी आहे, पण ती चुकते कुठे हेही ठरलेले आहे. पहिल्या दोन-तीन मानांकनांचे मल्ल सहसा आपल्या जागेच्या आसपास राहतात. खरी उलथापालथ होते सातव्या ते पंधराव्या मानांकनाच्या पट्ट्यात, आणि ती दिसते शुक्रवारी रात्री. एका बाजूला उपांत्य फेरीचा झगमगाट चालू असतो, आणि त्याच वेळी हरलेल्यांच्या बाजूला शेवटच्या बारांची फेरी चालते. जिंकला तो ऑल-अमेरिकन, हरला तो घरी, हात रिकामे. या फेरीला तिकडे ‘ब्लड राउंड’ असेच नाव आहे. नामांकित मल्लांपेक्षा इथल्या पोरांच्या चेहऱ्यांवर जास्त काही वाचायला मिळते. चार-पाच वर्षांची मेहनत, आणि आठवा की नववा एवढाच प्रश्न.

हरलेल्यांची बाजू किती देऊ शकते ते कॅसाकने २०२४ मध्ये दाखवले. १४९ पौंडांत तो पहिलीच कुस्ती हरला. मग सलग सात जिंकून तिसरा आला. पहिल्या सकाळी त्याच्या नावावर काट मारून बसलेल्या भाकितकारांना सगळी बेरीज पुन्हा करावी लागली असणार.

इतिहासात डोकावले तर सत्ता फार थोड्या हातांत फिरलेली दिसते. राष्ट्रीय स्पर्धा १९२८ मध्ये सुरू झाली आणि पहिली काही दशके ओक्लाहोमाची होती. आजच्या ओक्लाहोमा स्टेटच्या नावावर ३४ अजिंक्यपदे आहेत, त्यातली ११ एकट्या एड गॅलघर या प्रशिक्षकाच्या काळातली. मग आयोवा: एकूण २४, त्यातली १५ डॅन गेबलच्या २१ हंगामांतली, १९७८ ते १९८६ सलग नऊ. गेबल स्वतः आयोवा स्टेटचा मल्ल. कॉलेजात त्याच्या ११७ कुस्त्या जिंकलेल्या आणि एकच हरलेली, आणि ती एक नेमकी १९७० च्या शेवटच्या अंतिम फेरीत, लॅरी ओविंग्जकडून. दोन वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याने एकही गुण न देता सुवर्ण जिंकले. पेन स्टेटची २०२५ पर्यंतची अजिंक्यपदे १३. पहिले १९५३ चे, बाकीची बारा केल सँडरसन २००९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आल्यानंतरची. हाही आयोवा स्टेटचाच, कॉलेजात १५९ कुस्त्यांत एकही पराभव नाही, आणि अथेन्स ऑलिंपिकचा सुवर्णविजेता.

या कॉलेजांतून तयार झालेले मल्ल आपल्या ओळखीचे आहेत, फक्त आपण त्यांना देशाच्या नावाने ओळखतो. टोकियोत दीपक पुनियाला उपांत्य फेरीत १०-० असे हरवणारा डेव्हिड टेलर सँडरसनचा पेन स्टेटमधला शिष्य. पॅरिसमध्ये ५७ किलोच्या उपांत्य फेरीत अमन सेहरावतला रोखणाऱ्या जपानच्या हिगुचीने अंतिम फेरीत हरवले ते आयोवाच्या त्याच स्पेन्सर लीला. आणि २०१९ मध्ये बीडच्या राहुल आवारेने नूर-सुलतानला जागतिक कांस्यपदक जिंकले, तेव्हा ११-४ ने हरलेला टायलर ग्राफ हा विस्कॉन्सिन विद्यापीठाचा, २०१४ च्या राष्ट्रीय स्पर्धेतला उपविजेता.

संघबांधणीचे जुने गणित टंचाईचे होते. पहिल्या विभागातल्या कुस्ती संघाला अनेक वर्षे ९.९ शिष्यवृत्त्या देता येत. दहा गट आणि ९.९ शिष्यवृत्त्या! त्यांचे तुकडे करून, कुणाला अर्धी, कुणाला पाव देऊन प्रशिक्षक तीसेक पोरांचा संघ चालवत. नव्या मुलाला पहिले वर्ष ‘रेडशर्ट’ म्हणून मागे ठेवायचे, म्हणजे तो सराव करतो, अभ्यास करतो, पण त्याच्या चार हंगामांतला एकही खर्च होत नाही. वरचा मल्ल पदवी घेऊन गेला की याला पुढे आणायचे. म्हणून कुठल्या संघाचे पुढच्या तीन वर्षांत काय होईल हे जाणकार बरेचसे सांगू शकत.

आता ते अवघड झाले आहे. खेळाडूंना आपल्या नावावर कमावण्याची मुभा २०२१ मध्ये मिळाली, विद्यापीठ बदलणाऱ्यांना वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती उरली नाही, आणि २०२५-२६ पासून नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांना ३० जणांच्या मर्यादेत सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. श्रीमंत संघ आणखी श्रीमंत होतील ही भीती खोटी नाही. मेसेनब्रिंकही मुळात कॅलिफोर्नियातल्या एका लहान संघातून पेन स्टेटला आलेला. पण हेच दार पाठलाग करणाऱ्यांनाही उघडे आहे. ओक्लाहोमा स्टेटने २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या जॉन स्मिथ या प्रशिक्षकाच्या जागी आणले ते डेव्हिड टेलरलाच, सँडरसनच्या सर्वांत लाडक्या शिष्याला. टेलरने पहिल्याच उन्हाळ्यात विस्कॉन्सिनहून डीन हमीटी आणि वायुदलाच्या अकादमीतून वायट हेंड्रिक्सन या दोघांना घेतले. हमीटी १७४ मध्ये जिंकला. हेंड्रिक्सनने हेवीवेटच्या अंतिम कुस्तीत, अखेरच्या क्षणांत कब्जा घेऊन, टोकियोचा ऑलिंपिक विजेता गेबल स्टीव्हसनला ५-४ असे हरवले. स्टीव्हसनचे नाव डॅन गेबलवरूनच ठेवलेले; त्या रात्री सभागृहातल्या कुणाच्याही भाकितात हा निकाल नव्हता.

या दोघांचे गुण किमान ४०. ते वजा केले तर ओक्लाहोमा स्टेटच्या १०२.५ मधले फार तर ६२.५ उरतात, आणि तिसरा क्रमांक हातचा जातो. एका उन्हाळ्यात, दोन सह्यांवर, एवढा फरक. पेन स्टेटला गाठायला आणखी ७४.५ गुण हवे होते, आणि ते काही दोन माणसांत मिळणारे नाहीत: त्यासाठी उरलेल्या आठ गटांतून शुक्रवारची रात्र ओलांडणारे मल्ल लागतात.